राहिबाचे बेट

उर्दू माध्यमात शिकलेल्या माणसाला सिसिली हे नाव भूगोलाच्या पुस्तकाआधी इक्बाल यांच्याकडून कळते. १९०८ साली युरोपातून परत येताना त्यांचे जहाज सिसिलीच्या जवळून गेले. ते बेटावर उतरले नाहीत. समुद्रावरून किनारा पाहिला आणि कविता लिहिली. ती पुढे 'बांग-ए-दरा'त आली. कविता शोकाची आहे. गेलेल्या सत्तेचा, गेलेल्या वैभवाचा शोक. आम्ही ती शाळेत शिकलो, आता शिकवतो, आणि दर दोन-तीन वर्षांनी वर्गातले एखादे पोर उभे राहून विचारते, "सर, ते लोक आपले होते का?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही. आपले म्हणजे कोणाचे? अरबांचे? मुसलमानांचे? की जे त्या मातीत राबले त्यांचे? कोकणातल्या पुष्कळ मुसलमान घरांप्रमाणे आमच्याही घरात जहाजावर नोकरी करणारा माणूस आहे. आमचा मामेभाऊ. त्याच्यामुळे मे महिन्याच्या सुटीत आम्हाला सिसिलीच्या पश्चिम टोकाला त्रापानी या बंदरात चार दिवस राहता आले, आणि त्यातला एक दिवस समोरच्या फाविन्याना या छोट्या बेटाच्या किनाऱ्यावर आणि समुद्रगुहांत घालवता आला. सिसिलीचा इतिहास पालेर्मोच्या राजवाड्यात पाहण्याची रीत आहे. आम्हाला तो या बेटावर अधिक स्पष्ट दिसला, म्हणून हा लेख.

सिसिलीतल्या मुस्लिम राजवटीच्या सनावळ्या थोडक्यात सांगून टाकतो. बायझंटाइन सत्तेविरुद्ध बंड केलेल्या युफेमियस नावाच्या आरमारी अधिकाऱ्याने मदत मागितली म्हणून ८२७ साली आजच्या ट्युनिशियातून अघलबी फौज निघाली आणि माझारा येथे उतरली. फौजेचा सेनापती होता असद इब्न अल्-फुरात, कैरवानचा काझी, वयाने साठीच्या पुढचा. तो पुढच्याच वर्षी सिराक्यूजच्या वेढ्यात वारला. ८३१ साली पालेर्मो पडले, ८७८ साली सिराक्यूज. १०६१ पासून नॉर्मन आले आणि १०९१ पर्यंत सगळे बेट त्यांच्या हाती गेले. आमच्या उर्दू पुस्तकांत असदचे भाषण असते. सिराक्यूजमध्ये शहर पडल्यावर किती कत्तल झाली ते नसते. आम्ही वर्गात दोन्ही सांगतो. फौजेबरोबर येणारा कोणीही निव्वळ संत्री आणि ऊस घेऊन येत नाही. संत्री, ऊस, पाण्याचे पाट हे मागाहून येतात आणि ते आणणारी माणसे बहुधा वेगळी असतात.

आता बेट. सिसिलीच्या पश्चिमेला एगादी नावाची तीन बेटे आहेत : फाविन्याना, लेवान्झो आणि मारेत्तिमो. त्रापानीहून जलद बोटीने अर्ध्या तासात फाविन्याना येते. बेट सपाट, मधोमध एकच डोंगर, माथ्यावर पडका किल्ला. वरून पाहिले तर पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा आकार. ग्रीकांनी याला एगुसा म्हणजे शेळ्यांचे बेट म्हटले. अरबांनी नाव दिले जझीरतुर्राहिब. राहिब म्हणजे ख्रिस्ती संन्यासी. इब्न जुबैर हा अंदलूसचा प्रवासी लिहितो, की डोंगरमाथ्यावर गढीसारखी एक इमारत आहे, तिथे एक राहिब राहतो, म्हणून हे नाव. मुसलमानांनी बेटाला नाव द्यावे आणि ते एका ख्रिस्ती फकिराचे द्यावे, ही गोष्ट आम्हाला पहिल्यापासून फार आवडत आलेली आहे.

धक्क्यावर मामेभावाने एका म्हाताऱ्या नावाड्याशी भाव ठरवला. होडी लहान, वर ताडपत्री. होडी निघताच आम्ही मामेभावाला सांगितले, "याला विचार, सुकाणूला हे काय म्हणतात." आपल्या मराठीतले सुकाणू अरबी 'सुक्कान'वरून आले. खलाशी अरबी, मोसम अरबी, नाखवा हा फारसी 'नाखुदा'चा कोकणी अवतार. तेव्हा इथेही तेच सापडेल अशी आमची आशा. नावाड्याने 'तिमोने' सांगितले. मामेभाऊ हसला. "भाई, प्रत्येक शब्द आपलाच निघायला पाहिजे असं थोडंच आहे?" म्हणाला. खरेच आहे. पण तासाभराने वारा फिरला तेव्हा त्याच नावाड्याने वाऱ्याचे नाव घेतले, 'शिरोक्को'. हा मात्र अरबी 'शर्क'मधून आला आहे. शर्क म्हणजे पूर्व, आपल्या 'मश्रिक'मधली. आफ्रिकेच्या वाळवंटातून येणारा गरम वारा. वारा तिकडून येतो, नावही तिकडून आले. सुकाणू त्यांचे, वारा आमचा. इतिहासात बहुधा असेच वाटप होते.

पूर्वेच्या अंगाला काला रोस्सा येतो. काला म्हणजे लहानशी खाडी, रोस्सा म्हणजे तांबडी. पाहायला गेले तर तांबडे तिथे काही नाही. पाणी निळे-हिरवे, इतके नितळ की होडीची सावली तळावर पडते. नावाची कथा अशी सांगतात : इसवी सनापूर्वी २४१ मध्ये रोम आणि कार्थेज यांची मोठी आरमारी लढाई या बेटांजवळ झाली, कार्थेजचे सैनिक कापले गेले आणि त्यांच्या रक्ताने ही खाडी लाल झाली. लढाई खरी आहे. मार्च महिन्यात रोमन कॉन्सल कातुलुस याने हान्नोचे आरमार मोडले, तेवीस वर्षे चाललेले पहिले प्यूनिक युद्ध तिथे संपले आणि सिसिली रोमकडे गेली. पण ती या खाडीत झाली नाही. २००४ पासून समुद्रतळाशी तिचे पुरावे मिळू लागले : युद्धनौकांच्या नाळेवर बसवलेले, शत्रूचे जहाज फोडण्यासाठीचे पितळी-काशाचे वजनदार मुसळ. आजवर असे वीसहून अधिक मिळाले, आणि तेही इथून दूर, लेवान्झोच्या वायव्येला, खोल पाण्यात. या शोधामागे सेबास्तियानो तूझा हे सिसिलीचे पुरातत्त्वज्ञ होते. २०१९ साली इथिओपियातल्या विमान अपघातात ते गेले. खाडीचे नाव मात्र तसेच राहिले. दंतकथेला पुराव्याने काही होत नाही, हे आपल्याकडच्या किल्ल्यांवर फिरणाऱ्यांना सांगायला नको.

काला रोस्साचे खरे नवल तिच्या कड्यांत आहे. कडे उभे कापलेले आहेत, गुण्याने आखल्यासारखे. चौकोनी दालने, सरळ भिंती, पायऱ्या, मध्येच ठेवलेले खांब. प्रथमदर्शनी कोणाला प्राचीन लेणी वाटतील. त्या दगडाच्या खाणी आहेत. इथला दगड म्हणजे शंखशिंपल्यांच्या वाळूचा बसून झालेला थर. मऊ, पिवळसर, हत्याराने कापता येणारा. आमच्या रत्नागिरीकडे जांभ्याचे चिरे काढतात, अगदी तसेच इथे पिढ्यान्पिढ्या हाताने, टिकावाने चिरे काढले. कड्यावरूनच ते होड्यांत उतरवायचे आणि सिसिलीच्या गावांना, समोर ट्यूनिसलाही पाठवायचे. चिरेखाणीत राबणाऱ्याचे आयुष्य आम्ही गावी जवळून पाहिले आहे. धूळ छातीत जाते आणि पन्नाशीत माणूस म्हातारा होतो. या कड्यांवर कोणाचे नाव नाही. भिंतींवर आहेत त्या फक्त टिकावाच्या तिरप्या रेघा, ओळीने, एकाच हाताच्या.

खाणी सोडून दिल्यावर काही ठिकाणी लोकांनी त्यांच्या तळाशी बागा केल्या. वरून पाहिले तर जमिनीत खोल चौकोनी खड्डा आणि त्यात लिंबाची, संत्र्याची, अंजिराची झाडे. वारा लागत नाही, ओल टिकते. सिसिलीत संत्र्या-लिंबाच्या मोहराला 'झागारा' म्हणतात, अरबी 'झह्र' म्हणजे फूल. पाणी साठवायच्या हौदाला 'जेब्बिया' म्हणतात, अरबी 'जाबिया'. शेतकऱ्याला ते शब्द अरबी आहेत हे ठाऊक असण्याचे कारण नाही. आपणही 'रयत' म्हणताना अरबस्तान कुठे आठवतो?

पुढे बुए मारिनो. शब्दार्थ समुद्रातला बैल. हे सील या प्राण्याचे इथले नाव. जुन्या काळी या गुहांत सील येऊन पडत, त्यांची पिल्ले इथेच होत. कोळ्यांशी त्यांचे वैर, कारण ते जाळी फाडून मासे खात. मारले गेले, नाहीसे झाले. अलीकडे एगादीच्या गुहांत बसवलेल्या कॅमेऱ्यांत पुन्हा एखादा सील दिसू लागला आहे म्हणतात. नावाड्याने यंत्र बंद करून होडी गुहेत नेली. आत थंडावा. छतावर पाण्याचे कवडसे हलत होते आणि लाट आतल्या भिंतीवर आपटून परत येताना मोठा उसासा टाकल्यासारखा आवाज होत होता. डोंगराच्या पायथ्याशी, पश्चिमेच्या अंगाला, उसाशांची गुहा याच नावाची एक निराळी गुहा आहे. तिथे हिवाळ्यात वारा घुसला की आवाज गावापर्यंत जातो, असे नावाडी म्हणाला. मामेभावाला आवाजापेक्षा पाण्यात अधिक रस. त्याने उडी मारली. आम्ही होडीतच बसलो. शिक्षकाला पोहता येत असले तरी अनोळखी पाण्यात उडी मारायचा त्याचा स्वभाव नसतो.

आग्नेय टोकाला दीपगृह आहे. त्या टोकाचे नाव पुन्ता मार्साला, कारण समोरच्या किनाऱ्यावर मार्साला शहर आहे. मार्सामध्ये अरबी 'मर्सा' म्हणजे बंदर. पुढचा भाग अलीचा की अल्लाहचा, यावर दोन मते आहेत. गावोगावची नावे अशीच : काल्तानिसेत्तामध्ये 'कलआ' म्हणजे किल्ला, राकालमुतोमध्ये 'रहल' म्हणजे वस्ती. दक्षिणेला वळल्यावर लिदो बुर्रोने हा वाळूचा लांब किनारा लागतो. तिथे छत्र्या, बर्फाच्या गोळ्याच्या गाड्या, पोरांचा गलका. किनारा सुंदर आहे आणि त्याबद्दल इतिहासाच्या माणसाने सांगावे असे काही नाही. आम्ही तिथे जेवलो आणि जोहरची नमाज खडकाच्या आडोशाला पढलो. कोणी वळूनही पाहिले नाही.

बंदरात परतल्यावर आम्ही बेटावरची सगळ्यात मोठी इमारत पाहायला गेलो. ट्यूना माशाचा जुना कारखाना. ट्यूना म्हणजे आपल्या कुप्याच्या जातकुळीतला, पण अंगाने कितीतरी थोराड मासा. वसंत ऋतूच्या अखेरीस अंडी घालायला तो अटलांटिकमधून भूमध्य समुद्रात येतो आणि या बेटांजवळून जातो. त्याच्या वाटेवर नांगर टाकून मोठे जाळे उभे करायचे, त्यात एकापुढे एक अशा खोल्या, आणि शेवटची खोली मरणाची. तिला तळाचेही जाळे असते. आपल्याकडच्या डोल जाळ्याप्रमाणे मासा शोधायला जायचे नाही, तो आपल्या पायांनी येतो. शेवटच्या खोलीत पुरेसे मासे जमले की चारी बाजूंनी होड्या लावायच्या, माणसांनी गाणी म्हणत जाळे वर ओढायचे आणि गळांनी मासे होडीत घ्यायचे. या मारणीला मात्तांझा म्हणतात. १८७४ साली पालेर्मोच्या इग्नात्सियो फ्लोरियो या उद्योगपतीने ही बेटेच विकत घेतली आणि शिजवून तेलात घातलेला मासा डब्यांत भरून विकायला सुरुवात केली. कारखाना बंद पडून काळ लोटला. आता तिथे संग्रहालय आहे आणि लढाईतले ते काशाचे मुसळही तिथे मांडलेले आहेत. फाविन्यानाची शेवटची मात्तांझा २००७ साली झाली.

हे अरबांनी शिकवले असे आपल्यातले काही लोक छाती काढून सांगतात. ते खरे नाही. मासा पकडण्याची ही विद्या त्यांच्या आधीची आहे. लेवान्झोच्या एका गुहेच्या भिंतीवर नवाश्मयुगातल्या माणसाने काढलेल्या चित्रांत माणसांबरोबर मासेही आहेत, आणि फिनिशियन व ग्रीकही ट्यूना धरत. अल्-इद्रीसीने ११५४ साली रुजेर या नॉर्मन राजासाठी अरबीत भूगोल लिहिला, त्यात सिसिलीच्या किनाऱ्यावरच्या ट्यूनाच्या जाळ्यांचा उल्लेख आहे. तो लिहितो तेव्हा धंदा चालू होता, इतकेच. पण एक शब्द मात्र निःसंशय अरबी. जाळ्याचा जो प्रमुख असतो, ज्याच्या हुकमाशिवाय दोर हलत नाही, त्याला सिसिलीत 'राईस' म्हणतात. अरबी रईस. आपल्याकडे रईस म्हणजे पैसेवाला, गादीवर लोळणारा. इथे रईस म्हणजे होडीत उभा राहून पाण्याचा रंग आणि वारा ओळखणारा, हाताला घट्टे पडलेला माणूस. तो ख्रिस्ती, त्याचे सोबती ख्रिस्ती. जाळ्याच्या तोंडाशी ते संतांच्या तसबिरी लावलेला क्रूस उभा करत. आणि दोर ओढतानाच्या त्यांच्या एका गाण्याच्या धृपदात 'मौला' शब्दाचा अपभ्रंश आहे, असे काही अभ्यासक मानतात.

राज्य गेले, मशिदी गेल्या, कब्रस्ताने नांगरली गेली. लुचेराची गोष्ट इथे सांगितली पाहिजे. सम्राट फ्रेडरिक दुसरा स्वतः अरबी जाणणारा, विद्वानांना पत्रे लिहून प्रश्न विचारणारा. पण त्यानेच १२२० च्या दशकापासून सिसिलीच्या बंडखोर मुसलमानांना उठवून इटलीच्या मुख्य भूमीवर लुचेरा येथे नेऊन बसवले. १३०० साली अंजूच्या चार्ल्स दुसऱ्याने ती वस्तीही मोडली आणि माणसे गुलाम म्हणून विकली. तेथे ही कथा संपते. उरला तो शब्द राजवाड्यातला नाही. उरला तो दोर ओढणाऱ्यांचा, पाणी धरणाऱ्यांचा, वारा ओळखणाऱ्यांचा.

आमच्या वर्गातल्या पोराच्या प्रश्नाला एका सिसिलियन ख्रिस्ती माणसाने उत्तर दिलेले आहे. मिकेले आमारी, जन्म पालेर्मो, १८०६. १८४२ साली त्याने सिसिलीतल्या एका जुन्या बंडावर पुस्तक लिहिले. बुरबाँ राजाला ते झोंबले आणि आमारीला पॅरिसला पळावे लागले. तिथे तिशी उलटल्यावर तो अरबी शिकला. का, तर आपल्या बेटाची अडीचशे वर्षे त्या भाषेत पुरलेली आहेत म्हणून. १८५४ ते १८७२ या काळात त्याचा 'सिसिलीच्या मुसलमानांचा इतिहास' निघाला. इब्न जुबैर, इब्न हौकल, इद्रीसी यांची पाने त्याने आपल्या लोकांसाठी इटालियनमध्ये आणली. पुढे इटली एक झाल्यावर तो शिक्षणमंत्रीही झाला. ते लोक आपले होते का, असे त्याने विचारले नाही. आपल्या बेटावर राहिले ते आपले, हे धरूनच तो चालला. सेतुमाधवराव पगडींनी आपल्याकडे फारसी-उर्दूतला इतिहास मराठीत आणला, त्यामागेही हीच वृत्ती होती असे आम्हाला वाटते.

परंतु बेटाला एवढ्यावर सोडता येत नाही. डोंगरावरचा जो किल्ला राहिबाची आठवण करून देतो, तो बुरबाँ काळात तुरुंग होता. १८५७ साली इटलीच्या स्वातंत्र्यासाठी साप्रीच्या मोहिमेत उतरलेला जोवान्नी निकोतेरा पकडला गेला. त्याची फाशी जन्मठेपेत बदलून त्याला फाविन्यानाला टाकले. १८६० साली गारिबाल्दीमुळे तो सुटला आणि १८७६ साली स्वतंत्र इटलीचा गृहमंत्री झाला. त्यानंतर पस्तीस वर्षांनी, १९११ साली, त्याच स्वतंत्र इटलीने लिबियावर स्वारी केली. २३ ऑक्टोबरला त्रिपोलीच्या वेशीवर शार अल्-शत्त येथे अरबांनी व तुर्कांनी इटालियन सैन्यावर हल्ला केला. त्याचा सूड म्हणून शहरात कत्तल झाली आणि हजारो लिबियन माणसे जहाजांत कोंबून इटलीच्या बेटांवर पाठवली गेली : त्रेमिती, उस्तिका, पोन्झा आणि आमचे हे फाविन्याना. त्यांत लढणारे होते तसे वस्तीतले दुकानदार होते, म्हातारे होते, बायका-मुलेही होती. चौकशी नाही, खटला नाही. बेटांवर ना पुरेशी घरे, ना कपडे. पहिल्याच हिवाळ्यात रोगांनी पुष्कळजण गेले.

आपल्याला काळे पाणी शिकवावे लागत नाही. मौलाना फजले हक खैराबादी अंदमानात १८६१ साली वारले, हे आमच्या मुलांना पाठ असते. पण सिसिली म्हटले की आमच्या पुस्तकांत काझी असद येतो, रुजेरचा दरबार येतो, आणि हे त्रिपोलीचे दुकानदार येत नाहीत. इक्बाल यांचे जहाज या पाण्यातून गेले त्यानंतर जेमतेम तीन वर्षांनी ती जहाजे आली. लिबियातल्या त्या लढाईवर त्यांनीच पुढे कविता लिहिल्या, त्रिपोलीच्या शहिदांवर. पण बेटांवरच्या कैद्यांपर्यंत आपली शायरी फारशी पोहोचली नाही. कारण त्यांत गाण्यासारखे काही नव्हते. ते जिंकले नव्हते आणि लढताना पडलेही नव्हते. ते थंडीने आणि तापाने मेले. अरबी बोलणारी, नमाज पढणारी माणसे सातशे वर्षांनी राहिबाच्या बेटावर मोठ्या संख्येने परत आली, ती अशी.

संध्याकाळच्या बोटीने त्रापानीला परतलो. रात्री तिथला 'कुस्कुसू' खाल्ला, माशाच्या रश्शातला, रव्याच्या कण्यांचा. हा कुसकुस समोरच्या आफ्रिकेतला. इद्रीसीने पालेर्मोजवळच्या त्राबियात तयार होऊन जहाजांनी बाहेर जाणाऱ्या शेवयांचा उल्लेख केला आहे, तेव्हा ईदच्या शीरखुर्म्याचेही इथे दूरचे नाते निघेल, असे मामेभाऊ म्हणाला. जेवणापुरते आम्ही ते मान्य केले.

इब्न जुबैर याच त्रापानीत जहाजाची वाट पाहत अडकला होता. हजहून परतताना ११८४ च्या डिसेंबरात मेसिनाजवळ त्याचे जहाज फुटले. नॉर्मन राजा विल्यम स्वतः किनाऱ्यावर आला आणि भाड्याचे पैसे नसलेल्या गरीब मुसलमानांना उतरवून घेण्यासाठी त्याने पदरचे पैसे दिले, हे तो कृतज्ञतेने लिहितो. त्रापानीत त्याने ११८५ च्या जानेवारीत ईद केली. तिथले मुसलमान ढोल-शिंगे वाजवत ईदगाहला गेले आणि ख्रिस्त्यांनी ते चालू दिले, याचे त्याला नवल वाटले. पण त्याच पानांवर तो दुसरेही लिहितो. बापाने पोराला रागे भरावे आणि पोराने चर्चची वाट धरावी, आणि मग बापाचे त्याच्यावर काही चालू नये, या भीतीने घरेच्या घरे जगत होती. त्रापानीतल्या एका प्रतिष्ठित मुसलमानाने आपल्या मुलाला हाजींच्या तांड्यातल्या एकाकडे पाठवले. निरोप असा, की माझी मुलगी वयात येते आहे, तिला पत्करा. स्वतः निकाह करा किंवा तुमच्या देशातल्या कोणाशी लावून द्या, पण तिला इथून न्या. पुढे जमले तर आम्हीही येऊ. इब्न जुबैर व त्याच्या सोबत्यांनी त्या हाजीला हो म्हणायला लावले. बापाने मुलीला विचारले. मला ठेवून घेतलेत तर त्याचा जाब तुम्हाला द्यावा लागेल, असे तिने सांगितले. तिला आई नव्हती. दोन भाऊ होते आणि एक लहान बहीण. त्यांना मागे ठेवून ती निघाली. इब्न जुबैरने तिचे नाव लिहिलेले नाही.